सत्त्याण्णवावी चकती

डेल्मर कुबिचेक माणूस सोन्यासारखा होता, पण त्याच्याशी दहा मिनिटं बोललं की माझं डोकं उठायचं. एकतीस वर्षं त्यानं ब्रानिकच्या आसपासच्या शेतवस्त्यांवर टपाल वाटलं. एकतीस वर्षांत एक पत्र चुकीच्या पेटीत पडलं नाही, असं तो स्वतःच सांगायचा, आणि दुर्दैवानं ते खरं होतं. कायम बरोबर असायची सवय लागलेला माणूस नवरा म्हणून कसा असतो, ते लोरीनला विचारावं. मी विचारलंही होतं. ती कणीक मळता मळता म्हणाली, "तो बरोबर असतो तेव्हा मी गप्प बसते. चुकतो तेव्हा त्याला कळत नाही, म्हणून तेव्हाही गप्प बसते. घरात शांतता आहे बघ."

माझं नाव लिबी. नवरा गेल्यापासून गावातलं हार्डवेअरचं दुकान मीच चालवत आले. पुढं खिळे, बिजागऱ्या, कोंबड्यांची भांडी. मागं कुलपाच्या कपाटात काडतुसं भरायचं सामान. आमच्या नेब्रास्कात रविवारी सकाळी चर्च आणि दुपारी क्लब, असं निम्म्या गावाचं चालतं. नदीपलीकडच्या क्लबात दोन बाजूंच्या दोन खोपटांतून मातीच्या चकत्या हवेत सुटतात आणि त्या बंदुकीनं फोडायच्या असतात. पंच म्हणून मी तिथं वीस वर्षं उभी राहिले. नेम माझा यथातथाच, पण डोळा चांगला आहे आणि कुणाची भीड धरत नाही, असं लोक म्हणायचे. त्यातलं दुसरं पुढं खोटं ठरलं.

लोरीन फोर-टेननं मारायची. ही सगळ्यात बारीक नळीची बंदूक. मोठ्या बंदुकीत छर्रे मूठभर, हिच्यात चिमूटभर. मोठ्या बंदुकीनं चकतीच्या आसपास मारलं तरी भागतं, फोर-टेननं चकतीवरच मारावं लागतं. शंभरातल्या शंभर चकत्या फोर-टेननं फोडणाऱ्यांची नावं क्लबात एका पाटीवर कोरलेली होती. चारच नावं, चारही बाप्यांची, आणि त्यातले दोघे कधीच मातीआड झालेले. लोरीनला तिथं पाचवं नाव हवं होतं. तिला आयुष्यात दुसरं काही हवं असल्याचं मला तरी आठवत नाही. मूलबाळ झालं नाही, त्याबद्दलही ती कधी चकार शब्द बोलली नव्हती. पण त्या पाटीखालून जाताना ती वर बघायची, आणि आपल्याकडं कुणी बघतंय असं दिसलं की खाली.

तिची काडतुसं डेल्मर भरायचा. नुसती तिची नाही, निम्म्या क्लबाची. कानांनी दगा दिला आणि टपालखात्यानं त्याला वेळेआधी घरी बसवलं, तेव्हापासून तळघरातलं ते टेबल हेच त्याचं ऑफिस झालं. रिकाम्या पुंगळ्या एका रांगेत, तराजू काचेखाली, आणि टेबलावर एका वेळी बारुदीचा एकच डबा. दुसरा डबा टेबलावर आलेला दिसला तर तो काम थांबवून उठायचा. काम संपलं की काडतुसं भरायच्या यंत्रातली उरलेली बारूद परत त्याच डब्यात. भरलेल्या प्रत्येक पेटीवर तारीख आणि बारुदीचं नाव, टपालवाल्याच्या ठसठशीत अक्षरात.

बारूद निवडताना तर तो मुलीला स्थळ बघितल्यासारखा बघायचा. दुकानात येऊन कपाटासमोर तासभर उभा. दोन कण चिमटीत चोळणार, उजेडात धरणार.

"फोर-टेनला घाईची बारूद चालत नाही, लिबी," तो ओरडून सांगायचा, कारण आपण ओरडतोय हे त्याला ऐकू यायचं नाही. "नळी बारीक, छर्ऱ्यांचा ढीग उंच. घाईची बारूद एकदम भडकली की सगळा जोर नळीवर. सावकाश जळणारी पाहिजे. पण फार सावकाशही नको. ओलं लाकूड पेटवल्यासारखं होतं मग."

"कळलं. कितवी वेळ सांगतोयस?"

"आणि कण बारीक पाहिजे. रव्यासारखा. पापुद्र्याची बारूद यंत्राच्या बारीक तोंडातून नीट उतरतच नाही. मध्येच अडकते. एका काडतुसात कमी पडते, पुढच्यात जास्त. मग बसा."

"डेल्मर, मला खिळे मोजायचे आहेत."

"मोज की. मी कुठं अडवलंय?"

त्याची जुनी बारूद लाल झाकणाच्या डब्यातली. पंधरा वर्षं तीच. थंडी असो, ऊन असो, तिनं कधी दगा दिला नाही. दोष एकच, ती पूर्ण जळायची नाही. न जळलेले पिवळसर कण बंदुकीच्या सांध्यात जाऊन बसायचे. सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये असंच झालं. लोरीन रंगात आली होती, ओळीनं साठ फोडल्या होत्या, आणि बंदूक मिटेना. सांध्यात दोन कण. तिनं फुंकर मारली, खिशातल्या ब्रशनं साफ केलं, पण हात बिघडला तो बिघडला. पुढच्या दहात तिनं तीन घालवल्या. फेरी संपवून तिनं बंदूक पिशवीत ठेवली. डेल्मरनंच ते मनाला लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो दारात. "दुसरी बारूद दाखव. स्वच्छ जळणारी."

माझ्या फळीवर निळ्या झाकणाचे सहा डबे वसंतापासून धूळ खात होते. कंपनीचा एक गोडबोल्या विक्रेता गळ्यात मारून गेला होता. मी एक डबा काढून दिला. डेल्मरनं कण चोळले, उजेडात धरले. रव्यासारखे होते. जुलै-ऑगस्टभर त्यानं ती बारूद कसून तपासली. चाळीस पावलांवर कागद लावून छर्रे कसे पडतात ते पाहिलं, नळी पांढऱ्या फडक्यानं पुसून फडकं मला दाखवायला आणलं. फडकं जवळजवळ पांढरंच. सप्टेंबरात तो आणखी दोन डबे न्यायला आला आणि पैसे देता देता थांबला.

"थंडीत कशी आहे ही?"

त्याचा एक नियम होता. एक हिवाळा काढल्याशिवाय कुठलीही बारूद स्पर्धेत वापरायची नाही. हा नियम मला माहीत होता. विक्रेता म्हणाला होता की अलास्कात जानेवारीतही चालते. तेच वाक्य मी उचललं आणि जणू माझ्याच अनुभवाचं असल्यासारखं ठोकून दिलं. "थंडीत? अरे, अलास्कात चालते. माझ्या माहितीतले लोक वापरतात."

माझ्या माहितीतलं एक कुत्रंही अलास्कात नव्हतं. मला फक्त ती फळी रिकामी करायची होती, आणि हा माणूस माझ्यासमोरून हलावा असं वाटत होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि डबे उचलले. ज्याचा स्वतःच्या बायकोच्या घड्याळावर विश्वास नव्हता, त्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

ऑक्टोबरातला शेवटचा रविवार म्हणजे आमच्या क्लबाची वर्षाची मोठी स्पर्धा. सकाळी ऊन होतं, लोक बाह्या दुमडून फिरत होते. फोर-टेनच्या शंभर चकत्या पंचवीस-पंचवीसच्या चार फेऱ्यांत. लोरीननं जेवणाच्या सुट्टीपर्यंत पंचाहत्तरच्या पंचाहत्तर फोडल्या. क्लबात घट्ट राजम्याचं तिखट कालवण आणि दालचिनीचे गोड रोल होते. सगळे जेवले, ती जेवली नाही. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. अशा वेळी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मोठ्यानं आकडा उच्चारायचा नाही, पाटीकडं बघायचं नाही. डेल्मर तेवढा ताटलीतून मान वर न काढता म्हणाला, "डोकं खाली ठेव. तुझी ती सवय आहे, चकती सुटली की डोकं वर उचलायची."

"बरं," ती म्हणाली.

जेवणं होईतो उत्तरेचा वारा सुटला. आमच्याकडं तो सुटला की अर्ध्या तासात ऋतू बदलतो. लोक गाड्यांतून कोट काढायला पळाले. काडतुसांच्या पेट्या सकाळपासून डेल्मरच्या गाडीच्या उघड्या हौद्यात होत्या. चौथ्या फेरीला उभे राहिलो तेव्हा हिमाचे बारीक कण तिरपे उडत होते. मी लोरीनच्या मागं तीन पावलांवर, हातात गुणांची वही. डेल्मर कुंपणापलीकडं, कानटोपी ओढून.

ब्याण्णव. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. पंचाण्णव. शहाण्णव.

सत्त्याण्णवावी चकती डावीकडच्या खोपटातून सुटली. लोरीनची नळी तिच्यामागं निघाली, तिला गाठून हातभर पुढं गेली, अगदी जिथं जायला हवी तिथं. तिनं चाप ओढला आणि आवाज झाला तो फुस्स. सोड्याची बाटली उघडल्यासारखा. छर्रे कुठंतरी गवतात सांडले. चकती साबूत पलीकडं जाऊन पडली.

आता इथला नियम सांगायला हवा. काडतूस कमजोर निघालं असं नेमबाजाला वाटलं तर त्यानं बंदूक न उघडता तसंच उभं राहायचं आणि हात वर करायचा. पंच येतो, स्वतः बंदूक उघडतो, नळीत पाहतो. न जळलेली बारूद दिसली की तो मोठ्यानं सांगतो, "काडतूस सदोष." मग ती चकती धरत नाहीत, दुसरी देतात. पण नेमबाजानं आपल्या हातानं बंदूक उघडली की हक्क संपला. गेली म्हणजे गेली. पंचानं आपणहून तोंड उघडायचं नाही.

मी एक पाऊल पुढं टाकलं. माझा हात बंदूक घ्यायला निघालासुद्धा होता. लोरीननं मागं वळून माझ्याकडं पाहिलं, मग कुंपणाकडं पाहिलं, आणि बंदूक उघडली. पिवळसर कण तिच्या बुटांवर सांडले. तिनं नळीतून आरपार पाहून नळी मोकळी असल्याची खात्री केली, रिकामी पुंगळी कोटाच्या खिशात टाकली आणि पुढचं काडतूस भरलं.

"गेली," मी म्हटलं. तेच म्हणायचं असतं.

उरलेल्या तीन तिनं फोडल्या. नव्याण्णव. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्या नेमबाजांनी तो आवाज ऐकला असेल तर ते बोलले नाहीत. दुसऱ्याच्या काडतुसात नाक खुपसायचं नाही, हेही आमच्याकडं आहेच. डेल्मर कुंपण ओलांडून आला. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"डोकं वर उचललंस," तो म्हणाला. "मी जेवताना सांगितलं होतं."

"उचललं असेल," लोरीन म्हणाली.

क्लबाच्या स्वयंपाकघरात ती भांडी विसळायला आली तेव्हा मी तिला कोपऱ्यात गाठलं. "वेडी आहेस का तू? हात का वर केला नाहीस?"

"हळू बोल."

"तुझं नाव लागलं असतं आज. मी नळीत बघितलं असतं, संपलं असतं."

"आणि तू मोठ्यानं काय सांगितलं असतंस?" तिनं विचारलं. "तेही सांग की. सगळ्या गावासमोर. कानांपायी नोकरी गेली तेव्हा तो महिनाभर जेवायलासुद्धा तळघरातून वर येत नव्हता, लिबी. आता निम्मा क्लब त्याच्या काडतुसांवर मारतो. त्याच्याकडं तेवढंच उरलंय."

"आणि तुझ्याकडं?"

ती हसली. "पुढच्या वर्षी बघू. तू बोलायचं नाहीस हं. शपथ आहे."

मी शपथ घेतली. खरं सांगायचं तर फार लवकर घेतली. काडतूस सदोष ठरलं असतं तर डेल्मरनं पहिला प्रश्न मलाच विचारला असता. लोरीन नवऱ्याची लाज झाकत होती, आणि तिच्या पदराआड मी माझी झाकून घेतली. पडत्या फळाची आज्ञा म्हणतात ती ही.

त्या आठवड्यात लोरीननं डेल्मरला सांगितलं की नव्या बारुदीच्या वासानं तिचं डोकं दुखतं. तो बराच कुरकुरला, पण परत लाल झाकणावर आला. निळ्या झाकणाचे माझ्याकडं उरलेले तीन डबे मी गुपचूप कंपनीकडं परत पाठवले. पुढच्या वर्षी लोरीननं ब्याण्णव फोडल्या, त्याच्या पुढच्या वर्षी नव्वद. नेमाला आता भीती लागली होती. चकती सुटली की ती क्षणभर आवाजाची वाट बघायची, आणि फोर-टेनमध्ये क्षणभर म्हणजे संपलंच. डेल्मर दरवेळी कुंपणापलीकडून तेच सांगायचा आणि ती दरवेळी "बरं" म्हणायची. मी वहीत आकडे लिहीत राहिले. दोनदा बोलायचं ठरवलं. एकदा तो दुकानात एकटा होता, बाहेर पाऊस होता, गिऱ्हाईक नव्हतं. तोंडापर्यंत आलं आणि मी त्याला बिजागऱ्या दाखवत बसले.

नव्वदच्या जुलैत लोरीन बागेत टोमॅटो तोडता तोडता गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, डॉक्टर म्हणाले. एकसष्ट वर्षांची होती.

पुढच्या फेब्रुवारीतली गोष्ट. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. डेल्मर दुकानात आला आणि त्यानं काउंटरवर पाच रिकाम्या पुंगळ्या उभ्या केल्या, एका रांगेत. या खेपेला तो ओरडत नव्हता. इतक्या हळू बोलत होता की मलाच पुढं वाकावं लागलं.

"लोरीनच्या गोधड्यांची पेटी उघडली. तिच्या बहिणीला द्यायच्या होत्या. खाली काडतुसांच्या तीन पेट्या सापडल्या. माझंच अक्षर. सप्टेंबर सत्त्याऐंशी. ती मला म्हणाली होती, सरावात संपवली."

मी हातातला खिळ्यांचा डबा खाली ठेवला.

"एक पेटी घेऊन आत्ता क्लबात गेलो होतो. पंचवीस मारली. पाच फुसकी निघाली. कानाला नाही कळलं, खांद्याला कळलं. बर्फावर पिवळे कण पडले." त्यानं एक पुंगळी बोटानं माझ्याकडं सरकवली. "तू तिच्या मागं उभी होतीस, लिबी."

"हो."

"सत्त्याण्णवावी."

"हो, डेल्मर. फुसकी होती. मी ऐकलं. तिनं मुद्दाम बंदूक उघडली आणि मला शपथ घातली." इथवर आले तशी पुढंही गेले. "आणि थंडीचं मी तुला खोटं सांगितलं होतं. विक्रेत्याचं वाक्य होतं ते. मला काही माहीत नव्हतं."

मला वाटलं, आता हा मला शिव्या देईल. द्याव्यात असंच वाटत होतं. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला.

"नियम माझा होता," शेवटी तो म्हणाला. "एक हिवाळा. मी मोडला. तुझं तू बघ." मग माझ्याकडं वळून, "नळी कुठं होती तिची?"

"चकतीच्या हातभर पुढं. जिथं पाहिजे तिथं."

"आणि डोकं?"

"गाल दस्त्याला चिकटलेला होता. अजिबात हललं नव्हतं."

त्यानं मान हलवली. पुंगळ्या एकेक करून उचलून खिशात टाकायला लागला.

"त्या वर्षापासून रोज संध्याकाळी," तो म्हणाला, "जेवण झालं की ती रिकामी बंदूक घेऊन बैठकीच्या खोलीत आरशासमोर उभी राहायची. डोकं खाली ठेवायचा सराव. मीच लावला होता. मी तिच्या मागं उभा राहायचो, आणि तिचं डोकं हातानं असं खाली दाबून धरायचो. पावणेतीन वर्षं, लिबी. एक दिवस चुकला नाही. आणि ती विचारायची, 'आता बरोबर आहे का, डेल?'"